स्पंजातलं बिऱ्हाड

नळाला पाणी कधी येतं, हे विचारायला वरच्या मजल्यावरची नवी भाडेकरू खाली आली आणि माझ्या सुदर्शनच्या काचेच्या पेटीपुढं अशी थबकली, की काय विचारायला आलो तेच विसरली.

मी दारात पालक निवडत बसले होते. म्हटलं, उस्मानपुऱ्यात राहायचं तर आधी टाकी घ्यायची, मग पलंग. ती हसली. नाव मृण्मयी, नोकरी बँकेत, गाव लातूर. हसताना तोंडावर हात धरत नाही, हे मी तेवढ्यात बघून घेतलं. लग्नाच्या मुलाच्या आईचे डोळे असेच असतात.

सुदर्शन वाळूजच्या कारखान्यातून नुकताच आला होता. दिवसभर मशीनपुढं उभं राहायचं अन् घरी येऊन या पेटीपुढं बसायचं, एवढाच त्याचा संसार. तिशी ओलांडली, पोहे खायला गेला तिथं फक्त पोहेच खाल्ले. शहराला प्यायला पाणी नाही, अन् याने पाकिटातलं मीठ कालवून घरात समुद्र केलेला.

"यात मासा कुठंय?" तिनं विचारलं.

त्यानं बोट दाखवलं. खडकाला टेकून एक तपकिरी स्पंज उभा होता, सगळा भोकाभोकांचा. त्यातल्या एका भोकातून मोहरीएवढे दोन डोळे बाहेर बघत होते.

"एवढाच?"

"बाकीचा आत आहे."

"बाहेर कधी येतो?"

"विश्वास बसला की…"

"आणि विश्वास कशानं बसतो?"

"रोज कुणी समोर येऊन बसलं तर…" सुदर्शन म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

मी चष्मा पुसून बघितलं, हा माझाच मुलगा आहे का म्हणून.

मग ती रोज यायला लागली. बँकेतून आली की पर्स जिन्यात ठेवायची अन् पेटीपुढं पाट घेऊन बसायची. तो सांगायचा, दूरच्या उबदार समुद्रात हा बोटभर मासा सगळा जन्म स्पंजाच्या आसऱ्यानं काढतो. माशाला तो गोबी म्हणायचा. मी म्हटलं, गोबीची आमच्यात भाजी करतात. त्यावर ती एवढी हसली की मासा आत पळाला, आणि सुदर्शन माशाकडं बघायचं सोडून तिच्याकडं बघत राहिला. पण स्पंज हाही एक जीवच असतो, एवढी साधी गोष्ट या शहाण्यानं तिला सांगितली नाही.

भाद्रपदात एका संध्याकाळी ती म्हणाली, इथं येण्याआधीच लातूरच्या बदलीचा अर्ज केला होता, तो मंजूर झाला. दिवाळीनंतर जायचं.

सुदर्शन पेटीची काच पुसत होता. जरा थांबला. म्हणाला, "चांगलं झालं. आईवडील जवळ."

"हो… चांगलंच झालं," ती म्हणाली आणि नेहमीपेक्षा लवकर वर गेली.

माझ्या जिवाचा संताप झाला. मला ही पोरगी घरात हवी होती. मी एक शब्द काढला असता तर तिनं कदाचित मानही ठेवला असता. पण ज्याला दोन शब्द बोलता येत नाहीत, त्याच्या गळ्यात मी लेकीसारखी पोर का बांधू? त्याचं त्यानंच बोलावं.

घट बसायच्या आधी आमच्यात घरातलं सगळं पाण्यातून काढतात. गोधड्या, पडदे, पायपुसणी, सगळं. त्या रविवारी नेमका नळ आला. सुदर्शन जादा पाळीला गेलेला. मृण्मयी मदतीला खाली आली, तिला मी बजावलं, धुण्यासारखं दिसेल ते बाहेर काढ, परत पाणी कधी येईल देव जाणे. तिनं सलवार खोचली. आम्ही दोघींनी गोधड्या तुडवल्या. मग तिला पेटीतल्या स्पंजावर शेवाळ दिसलं. तिनं हात घातला, मासा सुटकन खडकामागं गेला. तिनं स्पंज नळाखाली धरून भांड्याच्या घासणीसारखा चोळला, पिळला आणि जागच्या जागी ठेवला.

"त्यांना बरं वाटेल ना, मावशी?"

मी म्हटलं, व्हय. मला तरी काय कळतंय त्यातलं.

दुसऱ्या दिवशी स्पंज राखेसारखा करडा पडला. वास सुटला, तेव्हा सुदर्शननं तो काढून टाकला. मासा उघड्यावर आला. कोपऱ्यात खडकाआड अंग चोरून राहायचा, खायचा नाही. पोरगा स्वतःलाच बोल लावत होता, मिठाचं प्रमाण चुकलं असेल म्हणायचा. नवा स्पंज मुंबईहून यायला वेळ होता.

मृण्मयी दिसेनाशी झाली. मग स्वयंपाकघरात येऊन रडायलाच लागली. तिनं मोबाइलमध्ये वाचलं होतं, स्पंज जिवंत असतो. वारा लागला, गोडं पाणी लागलं की मरतो. म्हटलं, माझ्यापुढं रडून काय उपयोग? ज्याचा मासा आहे, त्याला सांग.

"ते माझ्याशी बोलणार नाहीत मग."

"तो तसा तरी कुठं बोलतो?"

ती त्याच्याकडं गेली. बाहेर परतीचा पाऊस लागला होता. मी दाराआडून ऐकत होते. माझ्या घरात मी कुठंही उभी राहीन.

तिनं सगळं सांगितलं. मग आवाज चढला त्याचा. "एकदा विचारायचं तरी मला."

"तुम्ही सांगितलं होतं का, तो जिवंत आहे म्हणून?" ती रडत होती, पण मागं हटली नाही. "तुम्ही काहीच सांगत नाही. मी जाते म्हटलं, तरी म्हणालात चांगलं झालं."

तो उठला अन् पावसात निघून गेला. मला वाटलं, संपलं. ती जागची हलली नाही. डोळे पुसत माशाकडं बघत राहिली.

थोड्या वेळानं तो आला, भिजलेला. हातात गच्चीवरच्या नळाच्या पाइपाचा बोटभर तुकडा, घासून धुतलेला. तिच्यापुढं धरला.

"तू ठेव."

‘तू’ म्हणाला. मी दाराला धरलं.

"मी? परत?"

"हात स्वच्छ धू. साबण नको."

तिनं तुकडा मुठीत धरून हात पाण्यात सोडला. कोपऱ्यातला मासा हलला. पहिल्यांदाच मोकळ्या पाण्यात निघाला. काळाभोर, अन् नाकापासून शेपटीपर्यंत पिवळीधमक रेघ.

"एवढा देखणा होता हा?"

"सगळा कधी दिसलाच नाही."

मासा पाइपाकडं आला, थांबला, आणि पाइपात न जाता तिच्या दोन बोटांच्या फटीत शिरून बसला.

"अगं बाई… आता?"

"हलू नकोस."

"किती वेळ?"

पाऊस पत्र्यावर वाजत राहिला. तिचा हात अवघडला, तसा त्यानं खालून आपला तळहात तिच्या कोपराला लावला.

"लातूरची बदली रद्द करता येते का?"

"अर्ज करावा लागेल," ती हळूच म्हणाली. "कारण विचारतात."

"लिही…" तो अडखळला. तिनं वाट पाहिली. मीही पाहिली.

"लिही, लग्न ठरलंय. इथल्याच माणसाशी. तुझी… हरकत नसेल तर."

तिनं मूठ हलू दिली नाही. मान तेवढी हलवली, आणि त्याच्या तळहातावर कोपर पुरतं टेकवलं.