अण्णांची कवळी आणि चौकातला लिन

गंगेची शपथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे! हसू नका गं पोरींनो...

साहेबाचं राज्य होतं तेव्हा. बनारसातल्या दुर्गाघाटावरची कालिंदी माझी मैत्रीण. तिचे वडील ढुंढिराजशास्त्री, आमचे अण्णा, पाठशाळेत वेद शिकवायचे. त्यांचे पुढचे दात पडले, अन् मंत्र म्हणताना नुसती शिट्टी! विद्यार्थी तोंडात उपरणं कोंबून हसायचे. शेवटी कालिंदी त्यांना चौकात चिनी दातवाल्याकडे घेऊन गेली.

दुकानावर खाटेएवढा रंगवलेला जबडा टांगलेला. सगळं बनारस त्याच्यावरनंच वाट सांगायचं — "चीनी के जबड़े से दाहिने!" आत बाकावर पंडे, विणकर, नावाडी, सगळे एका रांगेत गाल धरून बसलेले. दाढ ठणकायला लागली की कसलं सोवळं नि कसलं काय! खुर्चीमागे तो दातवाला, लिन, उभा. चौकातच वाढलेला, बनारसी बोली आमच्यापेक्षा झकास.

त्यानं अण्णांना कवळी बसवली. पण नजर... नजर आरशातल्या कालिंदीवर.

"और ढीली हुई तो?" तिनं विचारलं.

"तो ले आइएगा... हम रोज़ यहीं बैठते हैं."

झालं! दर आठवड्याला कवळीला काहीतरी व्हायचंच. एकदा तर माकडानं पळवली, थेट देवळाच्या कळसावर! लिन वर चढला, केळं देऊन ती सोडवून आणली. मग हळूच म्हणाला, "बन्दर से तो माँग ली... अब शास्त्रीजी से आपको माँग लें?"

कालिंदीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "डर नहीं लगता?"

"लगता है. बन्दर से ज़्यादा."

तरी मागितलंच त्यानं, भर पाठशाळेत. अण्णा लालेलाल. "शक्यच नाही!"

कालिंदीच्या डोळ्यांत पाणी, पण आवाज ठणठणीत. "अण्णा, त्याच्याच दातांनी त्याला नाही म्हणताय? म्हणायचंच तर स्वतःच्या तोंडानं म्हणा."

अण्णांनी ताडकन कवळी काढून तिच्या हातावर ठेवली. तोंड उघडलं... अन् फुस्स — शिट्टी! विद्यार्थी लोळायला लागले. अण्णा आधी डोळे वटारून बघत राहिले, मग हसून त्यांचंच पोट गदागदा हलायला लागलं.

लिन नाही हसला. कवळी धुतली, दोन्ही हातांनी पुढे धरली. "पहन लीजिए, शास्त्रीजी. ना कहेंगे, तब भी आप ही की है."

अण्णांनी ती घातली. दात दोनदा वाजवून बघितले. मग खाकरून म्हणाले, "मुहूर्त मात्र मी काढणार."

त्या कार्तिकात घाटावर, पितरांसाठी उंच काठ्यांवर टांगलेल्या आमच्या आकाशदिव्यांत, एक लाल कागदाचा कंदील झुलत होता... लिनच्या पूर्वजांसाठी. काठी अण्णांनी दिली होती.

सगळं खरं! बरं बाई... एक तेवढं रचलं. माकड नव्हतंच. कवळी कालिंदीनंच लपवली होती — आमच्या डाळीच्या डब्यात.

आणि लिनला ते ठाऊक होतं.