चोरलेलं परत ओतणारा चोर

"पंचावन्न लिटर डिझेल काय हवेत उडालं?" बोटींच्या धक्क्यावर मॅनेजर आजोबांवर कडाडले, आणि सुट्टीला आलेल्या तिन्ही नातवंडांचे कान टवकारले.

आजोबा वीस वर्षं बोटींना डिझेल भरत होते. टाकी काठोकाठ भरल्यापासून पंपाच्या मीटरवर एकशे पंचाण्णव लिटर दिलेलं दिसत होतं, पण टाकीत बुडवलेली मोजपट्टी म्हणत होती, अडीचशे गेलं. शनिवारपर्यंत चोरीचा उलगडा झाला नाही तर किल्ल्या खाली ठेवायच्या, असं मॅनेजरांनी बजावलं. आजोबांना जेवण गेलं नाही. ते पाहून नातीला रडूच फुटलं. कशातही शंका काढायची म्हणून तिला सगळे शंकी म्हणत. डोळे पुसून तिने मामेभाऊ लंबू आणि धाकटा भाऊ बटाटा यांना पहाऱ्याला बसवलं.

चोर काही आला नाही. पण टाकी निम्मी झाली आणि बघतात तर काय, मीटर आणि पट्टी तंतोतंत जुळले! भीतीने परत ओतलं असणार, असं मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाले. आजोबांनी मान खाली घातली.

शुक्रवारी पट्टीवर अडीचशे उरले, आणि आता मीटरच्या हिशेबापेक्षा टाकीत पंचावन्न लिटर जास्तच निघालं. लंबू चक्रावला. चोर पदरचं डिझेल कशाला ओतेल?

शंकी मात्र टाकीभोवती फेऱ्या मारत होती. टाकी नवी होती, आडव्या पिंपासारखी गोल. जुनी कशी होती, असं तिने विचारलं. चौकोनी, मीटरभर उंच, हजार लिटरची, आजोबा म्हणाले. नवीही मीटरभर उंच आणि हजार लिटरचीच, म्हणून मॅनेजरांनी पट्टी तीच ठेवली होती. एक सेंटिमीटर म्हणजे दहा लिटर!

शंकीने बटाट्याची बिस्किटांची बरणी रिकामी करायला सांगितली. हे काम त्याने मन लावून केलं. मग बरणी आडवी ठेवून, वरच्या बाजूला भोक पाडून ती पेल्याने पाणी ओतू लागली. पहिल्या पेल्याला पाणी दोन बोटं चढलं. मध्यावर आल्यावर तेवढ्याच पेल्याला ते जेमतेम एक बोट चढलं. वरच्या टोकाला पुन्हा दोन बोटं!

शनिवारी सकाळी ती बरणी घेऊन थेट मॅनेजरांपुढे उभी राहिली. "मॅनेजरकाका, गोल टाकी मध्ये रुंद, वरखाली अरुंद. सेंटिमीटर तेवढाच, पण लिटर वेगळे. वरच्या पाव मीटरात एकशे पंचाण्णव होते, म्हणजे खालच्यातही तेवढेच. पट्टी अडीचशे म्हणतेय ना? आज टाकी रिकामी करून बघा."

मॅनेजर हसले, पण बोटी रांगेत होत्याच. मीटर फिरू लागला. दीडशे. एकशे ऐंशी. एकशे त्र्याण्णववर नळी गुरगुरली आणि थांबली. तळाला राहिले असतील दोन लिटर.

मॅनेजरांनी मीटरचा आकडा पुन्हा वाचला. मग सगळ्या बोटवाल्यांसमोर त्यांनी आजोबांचे हात धरले. "चूक माझी. पट्टी मी तपासायला हवी होती." पोरांची पाठ थोपटून नवी पट्टी आखायचं कामही त्यांनी त्यांनाच दिलं.

आजोबांनी किल्ल्या कमरेला खोचल्या आणि शंकीला जवळ घेतलं. "सगळ्यांनी मला विचारलं, डिझेल कुठे गेलं," ते म्हणाले. "टाकीला विचारणारी तू एकटीच."

त्या दिवशी ते दोनदा जेवले.