झुलीखाचा आवाज

अल्जीरियातल्या ओरान शहरात दुपारी दुकानं मिटली, रस्ता शांत झाला, की आमच्या स्टुडिओत मिक्सिंगचं काम चांगलं होतं. माझ्या टेबलावर वीतभर उंचीचे दोन स्पीकर आहेत. मोठ्या स्पीकरवर कुठलंही गाणं रुबाबदार वाटतं. या छोट्यांवर गाणाऱ्याचा दम, खोट, सगळं उघडं पडतं.

त्या दिवशीचं गाणं झुलीखाखालाचं होतं; सगळे तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत. तिनेच रचलेलं, तिनेच गायलेलं. तिला जाऊन चाळीस दिवसही झाले नव्हते.

"तिचा आवाज काढ," स्टुडिओचे मालक लखदर म्हणाले. "वाद्यं राहू देत. वर माझ्या भाचीचा बसव. रिमाचा. ती परवाच गाऊन गेलीय."

"आणि नाव?"

"रिमाचंच. मेलेली बाई काय लग्नांत गाणार आहे?"

"तिच्या गळ्यावर हा स्टुडिओ उभा राहिला, मालक, आणि तिला तुम्ही धड पैसेही दिले नाहीत. थोडी तरी चाड ठेवा."

"वहीबा, तू बटणं फिरव," म्हणत ते बाहेर गेले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खालाशिवाय गाणं किती उघडंबोडकं होतं ते नंतर त्यांनाच ऐकवावं, म्हणून मी खालाचा आवाज बंद केला आणि रिमाचा लावला.

रिमाची ओळ संपली आणि मागून एक श्वास आला. खरखरीत, दमेकऱ्याचा. सगळे एकाच खोलीत वाजवत होते, तेव्हा ढोलाच्या माइकात उतरला असेल, असं वाटलं. मी ढोल बंद केला. मग बासरी. शेवटी उरली फक्त रिमा, आणि ती तर खाला गेल्यानंतर एकटीच गाऊन गेली होती.

श्वास तसाच होता... आता अगदी जवळ.

मी लखदरना बोलावलं. त्यांनी ऐकलं, चेहरा उतरला, आणि त्यांनी स्पीकरच्या तारा उपटल्या.

"लखदर..." तारा निघालेल्या स्पीकरमधून, चहा मागावा इतक्या हळू, खालाचा आवाज आला. "मला नाव आहे रे."

"घाला तिचं नाव," मी म्हणाले.

"भुताला भिऊन धंदा बंद करू?" तारा गुंडाळत ते म्हणाले.

मी पिशवी उचलली आणि नोकरी सोडली. काम त्यांनी दुसऱ्याकडून करून घेतलं. गाणं रिमाच्या नावावर निघालं, टॅक्सीटॅक्सीत वाजलं. तो श्वास कुणालाच ऐकू आला नाही. जिवंतपणी लुबाडली, मेल्यावरही लुबाडली, आणि लोक ठेका धरत होते. माझा संताप आजही निवलेला नाही.

काही दिवसांनी लखदरची बायको मला न्यायला आली. घरी लखदरचे ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता. डॉक्टर म्हणत होते, गळ्याला काहीही झालेलं नाही.

मला दया आली नाही. तरी स्टुडिओत नेऊन मी त्यांच्यासमोर माइक धरला. ते जीव तोडून बोलत होते. स्पीकर गप्प होते, खोली गप्प होती. संगणकाच्या पडद्यावर मात्र आवाजाची रेघ नीट वरखाली होत होती.

शेवटी दमून त्यांनी तोंड मिटलं.

रेघ हलतच राहिली, खालाच्या त्या दमेकरी श्वासाच्या लयीत.