पहिल्या हाकेला ओ

भीमाशंकरच्या वाटेवरच्या त्या वाडीत सोनलच्या घरी मोबाईलला रेंज नव्हती, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर शहाणी माणसं लगेच म्हणतील, नेटवरून कुणीतरी चावटपणा केला असेल.

सोनल घोडेगावात कॉम्प्युटरचा क्लास घ्यायची. पूर्वीचे प्रोग्राम माणसाशी गप्पा कशा मारायचे, हे मुलांना दाखवायला तिने स्वतःच तसा एक लिहिला होता. अक्कल म्हणाल तर शून्य. आपण टाइप करू तेच तो उलटून विचारायचा. ते जमलं नाही की म्हणायचा, 'पुढे सांगा.' बस, खेळ खलास.

तिन्हीसांजेला ती ओटीवर बसून लॅपटॉपवर तो तपासत होती. तिची लहानगी वैष्णवी अंगणात चिंचोके खेळत होती. सासू अंबाबाई नाचणी पाखडत होती, आणि मधूनमधून टोमणे मारत होती. दोघींचं कधी पटलंच नव्हतं.

सोनलने टाइप केलं, 'आज काम फार झालं.'

'आज काम फार झालं, असं तुम्हाला का वाटतं?'

ठीक चाललं होतं. तिने हात मांडीवर घेतले. तेवढ्यात खाली आणखी एक शब्द उमटला.

'वैष्णवी.'

हे नाव तिने त्यात कुठेच घातलं नव्हतं. "आत्या, यानं आपल्या वैष्णूचं नाव लिहिलं," ती नवलाने सासूला म्हणाली.

सूप थांबलं. "ओ देऊ नगंस. माणूस असंल तर तीनदा हाक मारंल. पयल्या हाकेला ओ दिली, की पोर हाताची गेली."

"आत्या, यंत्र आहे हे. यात कोण बसलंय हाक मारायला?"

"तुजं शिक्षान ठेव तुज्यापाशी! नात हाय ती माजी."

सोनलचं डोकंच फिरलं. लग्न झाल्यापासून हेच ऐकत आली होती ती. सासूच्या डोळ्याला डोळा भिडवून तिने मुद्दाम टाइप केलं, 'ओ.'

स्क्रीन कोरी झाली.

अंगणातला चिंचोक्यांचा आवाज थांबला.

"वैष्णू, आत ये गं," सोनलने हाक मारली.

पोरगी आली. पायरीवर उभी राहिली. अंगावर साधा ओरखडाही नव्हता, आणि सोनलचा जीव भांड्यात पडला.

"भूक लागली ना, बाळा?"

"भूक लागली, असं तुम्हाला का वाटतं?"

आईला ती कधीच 'तुम्ही' म्हणत नसे.

अंबाबाईने सूप टाकलं, नातीला पोटाशी ओढलं. "वैष्णू, मी तुजी आजी!"

"पुढे सांगा," पोरगी म्हणाली.

सोनलने लॅपटॉपकडे पाहिलं.

'आई.'

खाली पुन्हा, 'आई.'

आणि त्याखाली, 'आई, मला लई भूक लागली.'