ओहोळातलं गवत

"उद्या सकाळी हिराबाईला गावाबाहेर काढणार हायेत," मंगळ्या धापा टाकत म्हणाला. "भगत म्हणतो, करणी करून पाणी तिनंच नासवलं."

सावळी ताडकन उठली. हिराबाई तिची आत्या. आई गेल्यापासून तिनेच सावळीला वाढवलं होतं. शेजारचा मंगळ्या डोळखांबच्या शाळेत सावळीच्याच वर्गात होता. १९४१ सालची दिवाळीची सुट्टी लागली, आणि पाड्याचं पाणी गढूळ झालं. परवा रखमीचं तान्हं पोर हगवणीने गेलं. पाऊस संपून महिना झाला तरी पाणी तांबडं! पण म्हणून करणी? करणी कसली डोंबलाची!

"रडून काय होणार नाय," सावळी म्हणाली. "चल, ओहोळ वरपर्यंत बघून येऊ."

डोंगरातून तांबडी माती घेऊन येणाऱ्या ओहोळाचे वर मोठ्या खडकाशी दोन फाटे होतात. डावा पाणवठ्याकडे उतरतो, उजवा शेतांकडे. उजव्यात पाण्याखालचं लांब गवत डुलत होतं. डावा मात्र पार बोडका! उपटलेल्या गवताचे ढीग काठावर वाळत होते आणि पाणी सुसाट धावत होतं.

"देवजी पाटलानं काढवलं," मंगळ्या म्हणाला. "शिकारीला आलेल्या साहेबाला डुंबायचं व्हतं."

सावळीने उजव्या फाट्यात हात घातला. गवताच्या बुडाशी मऊ गाळाचा जाड थर बसला होता. तिने मूठभर गाळ वर काढला आणि डाव्या फाट्याकडे पाहिलं.

सकाळी सगळा पाडा जमला. हिराबाई गाठोडं घेऊन उभी होती. सावळी पाटलासमोर गेली.

"पाटीलबाबा, दोन लोटे घ्या आणि खडकापाशी चला. मग आत्याला खुशाल काढा."

मंगळ्याने खडकापाशी दोन्ही फाट्यांच्या तोंडाशी पाटीपाटी माती ओतली. सावळीने थोडं खालून प्रत्येक फाट्यातला एकेक लोटा भरला. उजवीकडचं पाणी नितळ, डावीकडचं लालभडक.

"गवतात पाणी हळू व्हतं, मग गाळ खाली बसतो," ती म्हणाली. "तुमी गवत उपटलंत. आता गाळ थेट हंड्यात येतो."

भगताने मान फिरवली.

"शाबास, पोरी," पाटील हळूच म्हणाला. "मोठ्यांना सुचलं नाय ते तुला सुचलं."

"शाबासकी नको मला. रखमीला सांगा, पाणी कुणी नासवलं."

रखमी मागेच उभी होती. पाटील तिच्यासमोर गेला, डोक्यावरचं मुंडासं काढून हातात धरलं आणि तसाच मागे वळला. शेवटी हिराबाईनेच गाठोडं खाली ठेवलं आणि रखमीला जवळ घेतलं.