चकत्यांची पुडी

उतारावरच्या गल्लीत ट्रकच्या बोल्टचा एक नट घरंगळत गेला आणि तिथूनच सगळं सुरू झालं. ट्रकखाली आडवी पडलेली डॉक्टरीण "धरा, धरा" म्हणून ओरडली. कोणाला उद्देशून, ते तिलाही ठाऊक नव्हतं. धरला तो शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याने, बुटाखाली. नट घेऊन तो अंगणाच्या फाटकाशी आला, तेव्हा ट्रकखालून आधी ग्रीसने माखलेला हात बाहेर आला आणि मग चेहरा.

"हा तुमचाच ना?"

"माझाच. द्या इकडे."

"आणि नाकावरचा काळा पट्टा?"

"तोही माझाच," ती म्हणाली. तो हसला, पण गेला नाही.

ती गुरांची डॉक्टर. डोंगरावरच्या दवाखान्यात बदली झालेली, महिनाअखेरीला हजर व्हायचं होतं. तिथल्या खडकाळ वाटेसाठी तिने जुन्या ट्रकला मोठे टायर चढवले आणि ट्रक चढावर धापा टाकायला लागला. आता मागच्या-पुढच्या दोन्ही डिफरन्शियलमध्ये, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या पेट्यांमध्ये, जास्त ताकदीचे गिअर बसवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. गॅरेजवाल्याने पुढच्या महिन्याचं नाव काढल्यावर ती मावशीच्या अंगणातल्या पत्र्याखाली स्वतःच कामाला लागली. अडलेली वासरं ओढून काढणारे हात गिअरला काय भीक घालणार?

दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून तो भिंग घेऊन हजर झाला. काम किचकट होतं. नव्या दात्यांना पिवळा रंग फासायचा, हाताने फिरवायचं आणि दाते एकमेकांना कुठे टेकतात त्याचा डाग बघायचा. डाग मधोमध हवा. सरकला तर पुन्हा सगळं उघडून कागदासारखी पातळ पोलादी चकती बदलायची.

पहिला डाग सरकलेला होता, दुसराही. तिसऱ्या संध्याकाळी तो अगदी मधोमध उमटला आणि डॉक्टरीण मनात दिवस मोजू लागली. मागचं झालं, पुढचंही होईल... मग आपण डोंगरावर आणि हा आपल्या दुकानात. तिने मान वाकडी केली.

"थोडा... खाली वाटतोय."

त्याने भिंगातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"वाटतोय खरा," तो म्हणाला. "उद्या चकती बदलू."

तिने मुद्दाम चकत्यांची नवी पुडी आणून दिली. मग रोज उघडायचं, रोज बसवायचं आणि रोज तिला डाग कुठेतरी किंचित सरकलेला दिसायचा. पत्र्यावर पाऊस वाजत असायचा. एका दिव्याखाली दोघं वाकलेली. खांद्याला खांदा लागला की बाजूला मात्र कोणीच व्हायचं नाही. कपडे वाळत घालायला जागा उरली नाही म्हणून मावशी कुरकुरायची. एकदा तिने विचारलंच, घोडं नेमकं पेंड कुठे खातंय? दोघांनीही एकदमच पान्याकडे हात नेला.

महिनाअखेर तोंडावर आल्यावर तिने मन घट्ट केलं. पुढचे गिअर तर दोघांनी एका दमात बसवले. निघायच्या सकाळी तो निरोप द्यायला आला, तेव्हा ती हत्यारं आवरत होती. तिच्या हाताला ती नवी पुडी लागली.

"ही तर फोडलेलीच नाही," ती म्हणाली. "मग तुम्ही रोज बदलत काय होतात?"

"काहीच नाही. तीच चकती काढायचो, पुसायचो आणि परत तीच घालायचो."

"का?"

"डाग मधोमधच होता म्हणून." त्याचे कान लाल झाले होते. "पहिल्यांदा वाटलं, तुमची नजर चुकली असेल. पण दुसऱ्या दिवशी तोच डाग तुम्हाला वर दिसला... तेव्हा जरा आशा वाटली. आवडता तुम्ही मला. फार."

तिला हसू आलं आणि डोळेही भरले. गेले कित्येक दिवस ती हेच ऐकायला थांबली होती, आणि आता थांबता येत नव्हतं. ती ट्रकमध्ये चढून बसली.

"नव्या गिअरचं पहिलं तेल लवकर बदलावं लागतं," ती म्हणाली. "वर ते बदलणारं कोणी नाही."

"तुम्हाला येतं की."

"येत होतं. आजपासून येत नाही." तिने खिडकीतून हात पुढे केला. "येशील ना?"

त्याने तो हात दोन्ही हातांत धरला. "वर शिलाई मशीनं आहेत का?"

"असतील. बिघडलेली नसली, तर मी बिघडवून ठेवते."

ट्रक गल्लीचा चढ धाप न लागता चढला. आरशात तो दिसेनासा होईपर्यंत तिने वेग वाढवलाच नाही. नवे गिअर जपून चालवायचे असतात, असं तिने स्वतःला समजावलं.