मच्छिंद्रनं खिडक्या बुजवल्या ती होळी

त्या दिवशी मच्छिंद्र भोकरदनला चिकटपट्टी आणायला गेल्ता. हसू नको हरिओम, अन् शीतल तू बी ऐक, गोष्ट इथूनच सुरू होती. चिकटपट्टी, शेततळ्यात अंथरतात तसला काळा प्लॅस्टिकचा कागद, अन् टिंचर आयोडीनच्या बाटल्या. खताचं दुकान बंद ठेवून हा माणूस एवढ्या कामासाठी तालुक्याला गेला. २०११ साल, १९ मार्च, शनिवार, होळीची पुनव.

मी तवा परतूरला जिनिंगवर रात्रपाळीला होतो, धुळवडीला सकाळी गावात आलो. म्हणजे रात्रीचं मी माझ्या डोळ्यानं पाह्यलेलं न्हाई. पण मच्छिंद्रनं त्याचं सांगितलं, उषाबाईनं, त्याच्या बायकोनं, तिचं वेगळं सांगितलं, अन् दोघांचं बराबर जुळलं. त्या नवरा-बायकोचं एवढं जुळलेलं मी पुन्हा कधी पाह्यलं न्हाई.

आठ दिवसांमागं जपानात भूकंप झाल्ता. समुद्र उठून गावांत शिरला, हजारो माणसं घेऊन गेला. मंग तिथल्या अणुभट्टीची वीज गेली अन् स्फोट झाले. लई मोठं संकट होतं ते, त्याला कोण न्हाई म्हणतो. पण आपल्या धावड्यात त्या मेलेल्या माणसांसाठी कुणी हळहळलं का? बिलकुल न्हाई. आपल्या लोकांना एकच घोर, किरणं धावड्याला कधी पोचतात. ज्यांनी जन्मात समुद्र पाह्यला न्हाई ते पारावर बसून समुद्राच्या गप्पा हाणून राह्यलेले.

मोबाइलवर मेसेज फिरत होता. किरणं पावसातून येणार, चोवीस तास घरात बसा, दारं-खिडक्या लावा, गळ्याला आयोडीन चोपडा. होळीच्या महिन्यात आपल्याकडं पाऊस कुठला, हा सवाल एकाला बी सुचला न्हाई. मच्छिंद्र बी.ए. झालेला, ग्रामपंचायतीचा मेंबर. त्यानं मारुतीच्या देवळातला भोंगा हातात घेतला अन् तोच मेसेज दिवसातून तीनदा वाचला. झालं. भोंग्यातून आलं म्हणजे खरंच असणार. गावातली समदी बाप्ये माणसं तपकिरी गळे घेऊन हिंडायला लागली, जनू एकाच सुरीनं कुणी साऱ्यांचे गळे चिरलेत. चोपडण्यापेक्षा प्यायल्यानं जास्त गुण येतो असं कुणीतरी म्हणालं, तर पाच-सहा शहाणे प्याले बी. त्या रात्री चांद नेहमीपेक्षा मोठा दिसणार असं टीव्हीवर सांगत होते. त्याचं बी भ्या. होळी दिवस बुडायच्या आधीच कशीबशी पेटवली अन् नैवेद्य टाकून सारे घरात पळाले. बैल मात्र बाहेरच बांधलेले. बैलांना मेसेज आला न्हवता.

हे होळी पेटायच्या आधीचं. दुपारी मच्छिंद्र भोकरदनहून निघाला तर स्टँडवर त्याला सुग्रीव दिसला. गोपिकाबाईचा पोरगा. बाप लहानपणीच गेलेला, मायनं शेळ्या वळून वाढवलेला. आयटीआय करून संभाजीनगरकडं एका कंपनीत लागला, अन् कंपनीनं शिकायला जपानला धाडलेला. सहा महिन्यांमागं जायला निघाला तवा याच मच्छिंद्रनं त्याचा सत्कार केल्ता, शाल घालून, फोटो काढून. त्या दिवशी स्टँडवर मच्छिंद्रनं त्याला पाह्यलं, गाडीला किक मारली अन् गावाकडं जी सुटली ती सुटली. पोरगा मागून हात हलवत राह्यला. त्याला वाटलं, काकानं ओळखलं न्हाई.

सुग्रीव जीपनं फाट्यापर्यंत आला अन् बॅग घेऊन पायी निघाला. फरशीपुलावर गाव उभं होतं. पंधरा-वीस माणसं, तपकिरी गळे, तोंडाला उपरणी. मच्छिंद्रच्या हातात टेस्टर. हां, तोच, बटनात करंट हाय का बघायचा स्क्रू-ड्रायव्हर. तो त्यानं हात लांब करून सुग्रीवच्या कपाळाला टेकवला. दिवा लागला न्हाई. तर म्हणाला, किरणं लई बारीक असतात, यात येत न्हाईत. मंग फवारणीचा पंप मागवला. कपाशीवर मारतात तो. त्यात फिनेलचं पाणी भरलं अन् त्या पोराला कपड्यासकट भिजवलं.

सुग्रीव पहिल्यांदा हसला. धुळवडीची थट्टा वाटली त्याला. मंग त्यानं एकेकाचं तोंड पाह्यलं अन् हसायचा थांबला. त्यानं समजावून सांगितलं. निघायच्या आधी तिकडं मशीन लावून तपासलंय, काहीच न्हाई. कंपनी डोंगरावर होती म्हणून आपण वाचलो, खालचं गाव सारं गेलं. ज्या म्हातारीच्या माडीवर तो भाड्यानं राहायचा ती बी गेली. शोधलं, सापडली न्हाई. मंग चार-पाच दिवस एका शाळेत, अनोळखी माणसांत काढले. त्यांच्याजवळच धड खायला न्हवतं, तरी अर्धा घास त्याला देत होते.

"तिकडं मला कुणी इच्यारलं न्हाई, तू कुठला," सुग्रीव म्हणाला.

मच्छिंद्रनं उपरणं तोंडावर आणखी दाबलं अन् सांगितलं, महिनाभर गावात पाय टाकायचा न्हाई.

तेवढ्यात गोपिकाबाई आली. पोरावरून ओवाळून टाकायला हातात भाकरतुकडा अन् पाण्याचा तांब्या. तिला अडवलं. जाशील तर तुला बी परत येता येणार न्हाई म्हणून दम दिला. बाई कुणावर ओरडली न्हाई, रडली न्हाई. "माझं लेकरू हाय. जे लागायचं ते मला लागू द्या," म्हणाली, अन् गर्दीतून सरळ चालत गेली. तिथंच रस्त्यावर भाकरतुकडा ओवाळला, पोराची ओली बॅग डोक्यावर घेतली, अन् दोघं माय-लेक आखाड्यावर गेले. शेतातल्या पत्र्याच्या खोपीत. पंधरा-वीस बाप्ये होते तिथं, शीतल. एवढ्यांत अक्कल एका बाईला.

गाव वाचवून मच्छिंद्र घरी आला. लेकरं त्यानं आधीच मामाकडं धाडली होती. घरात तो अन् उषाबाई. नवं स्लॅबचं घर, मधल्या खोलीला आभाळी रंग, दार सरळ अंगणात. त्यानं खिडक्यांना काळा कागद लावला. कडेनं चिकटपट्टी मारली. दाराच्या फटीला चिकटपट्टी, खालून ओलं पोतं. किल्लीच्या भोकाला बी चिकटपट्टी. उषाबाई म्हणाली, जीव घुसमटंल. तर म्हणाला, जपानचं सरकार लोकांना असंच सांगून राह्यलं. जपानचं सरकार भट्टीजवळच्या लोकांना सांगत होतं. धावड्याला न्हाई.

बारा वाजून गेले अन् लाइट गेली. पंखा थांबला.

बाहेर कुत्री भुंकत होती, ती बी थांबली. सारी एकदम.

उषाबाईला आधी वास आला. नदीच्या गाळासारखा, पण नदीचा न्हवे. खारट. थंड. एवढ्या उकाड्यात तो वास थंड होता, असं ती म्हणाली.

मंग दार वाजलं.

जोरात न्हाई. म्हाताऱ्या माणसाच्या तळहातानं वाजवावं तसं. मऊ. ओलं.

मच्छिंद्रला वाटलं गोपिकाबाई आली. त्यानं आतूनच सांगितलं, जा म्हणून. पुन्हा तळहात... पुन्हा.

मंग आवाज आला. बाईचा. म्हातारा. विनवणी न्हाई, भांडण न्हाई. रोजच्यासारखा, थकलेला. एकच शब्द. उषाबाईला त्यातलं 'ताई' एवढंच कळलं.

"कुणीतरी ताई म्हणतंय मला. उघडा," ती म्हणाली.

त्यानं तिचं मनगट धरलं.

पुन्हा तो शब्द... जरा जवळून.

अन् दाराच्या खालची चिकटपट्टी सुटायला लागली. चर्र... थांबली. चर्र...

मच्छिंद्रच्या पायाला गार लागलं. त्यानं मोबाइलचा उजेड खाली टाकला. फरशी कोरडी. पण घोटे गार. मंग पिंढऱ्या. मंग गुडघे. दिसत काहीच न्हाई... अन् चढत होतं.

तो पलंगावर चढला.

ते बी चढलं.

उषाबाईला पायाला काहीच लागलं न्हाई. काहीच. तिनं फक्त पाह्यलं की आपला नवरा पलंगावर टाचा उचलून उभा हाय. मान मागं टाकलेली. हनुवटी छताकडं. तोंड उघडं, मिटतंय, उघडतंय. आवाज न्हाई. हात दोन्हीकडं पसरलेले, हळूहळू हलत... पाण्यात हलतात तसे.

खोलीत एवढी शांतता.

अन् दारावर तळहात.

उषाबाई उठली. तिनं पोतं सारलं, चिकटपट्टी ओरबाडून काढली, कडी काढली. अंगणात चांदणं. कोरडं अंगण. कुणी न्हाई.

तिला काय सुचलं तिलाच ठाऊक. तिनं पदर डोक्यावर घेतला अन् दारातून बाजूला झाली.

"या," ती म्हणाली. "आत या."

तिच्या अंगाला घासून काहीतरी गार आत गेलं.

मंग... काही न्हाई. मागं मच्छिंद्र पलंगावर कोसळला. अन् बाहेर कुत्री भुंकायला लागली.

दिवस उगवायच्या आत तो आखाड्यावर गेला. लाज वाटून न्हाई बरं का. भ्या वाटून. ज्याला काल फवारलं त्याच्याच पायाशी बसला, अन् तुझ्याबरोबर जे आलंय ते घेऊन जा म्हणाला. सुग्रीव चहा पिऊन राह्यलेला. त्याला काहीच समजेना. मंग मच्छिंद्रनं तो शब्द जसा ऐकला तसा म्हणून दाखवला.

"तादाइमा."

सुग्रीवनं कप खाली ठेवला. मंग विचारलं, शेवटचा 'मा' लांबवला होता का? मच्छिंद्रनं हो म्हणून मान हलवली.

तिकडं माणूस बाहेरून आला की उंबऱ्यात तो शब्द म्हणतो, सुग्रीवनं सांगितलं. म्हणजे, आले गं बाई मी घरी. ती माडीवाली आजी रोज भाजी घेऊन आली की तसंच म्हणायची, घरात दुसरं कुणी नसलं तरी. एवढं सांगून तो पोरगा रडायला लागला. समुद्रानं सारं नेल्यापासून तो रडलाच न्हवता, असं गोपिकाबाई म्हणाली. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं अन् मच्छिंद्रला म्हणाली, झालं का तुमचं, निघा.

सुग्रीव गावात आला न्हाई. दुपारी चार माणसं बोलवायला गेली, तपकिरी गळे धुऊन. त्यानं नमस्कार केला अन् मायला घेऊन संभाजीनगरला गेला. आजही तिथंच हाय. खणखणीत तब्येत, पोरगी सातवीला. आयोडीन प्यालेल्या शहाण्यांना मात्र सरकारी दवाखान्यात नेलं. तोंडं भाजली होती, पोटात आग. जपानच्या किरणांनी आपल्या तालुक्यात आजारी पडले ते एवढेच. अन् त्यातून काही शिकले म्हणता? करोनात त्याच फरशीपुलावर पुन्हा काट्या टाकून उभे होते. तेच. पुण्याहून चालत आलेल्या आपल्याच लेकरांना अडवून.

मी धुळवडीला सकाळी मच्छिंद्रच्या घरी गेलो तवा उषाबाईनं मला मधल्या खोलीत नेलं. नुसतं बोट केलं.

चारी भिंतींवर एक रेघ, खांद्याच्या उंचीवर, चढलेलं पाणी उतरून थांबावं तशी. बोटभर रुंद, गाळाच्या रंगाची. तिच्या वर रंग कोरा करकरीत. खाली भिंत फुगलेली, पापुद्रे आलेले. भिंतीची बाहेरची बाजू ठणठणीत कोरडी. त्या खोलीच्या फरशीला मोरीकडं उतार हाय, पण रेघेला उतार न्हवता. पुढं गवंडी बोलावला, त्यानं पातळी बघायची पाण्याची नळी धरून पाह्यली. चारी कोपऱ्यांत केसाचा फरक न्हाई. मंग त्यानं नळी गुंडाळली अन् त्या घरचा चहा न घेता गेला.

त्यावर रंग मारून झाला. गिलावा खरवडून नवा केला. महिन्याभरात रेघ तिथल्या तिथं उमटती. गेल्या दिवाळीला मी पुन्हा जाऊन आलो. मच्छिंद्र भिंतीला पाठ लावून बसतो आता, साखरेनं पार वाळून गेलाय. मला पाहून उठला. त्या होळीला ती रेघ त्याच्या खांद्याला लागायची, मला पक्कं आठवतंय. आता माणूस वाकलाय, उंची उतरलीय. रेघ हलली न्हाई.

उभा राह्यला, की ती आता बराबर त्याच्या ओठाला लागती.